सगळ्यांचा रिकामा वेळ

आमच्या नाटकाच्या ग्रुपमधली धाकटी मुलं आता एकेक करून नोकरीला लागतायत. "ताई, पहिलं वर्ष कसं गेलं गं?" असं विचारतात. फोनवर मी "जातं रे, सवय होते" एवढंच बोलते आणि फोन ठेवल्यावर मला ते अर्धवट वाटत राहतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

माझी नोकरी २०२४ च्या जुलैमध्ये सुरू झाली. एका सरकारी बँकेत लिपिक, शाखा कारंजा लाड, जिल्हा वाशिम. घर साताऱ्याला, शिक्षण पुण्यात, संख्याशास्त्रात. सरकारी बँकांच्या भरतीची आयबीपीएसची पूर्व परीक्षा, मग मुख्य, मग एप्रिलमध्ये निकाल, असं सगळं एका वर्षात उरकलं. लिपिकाला नेमणूक आपल्याच राज्यात मिळते, म्हणून घरचे निर्धास्त होते. पण महाराष्ट्र केवढा लांबरुंद आहे ते नेमणुकीचं पत्र हातात आल्यावर कळलं. साताऱ्याहून कारंजाला जायचं म्हणजे सबंध रात्र आणि वर सकाळचे काही तास. आजी मात्र एकदम खूश. कारंजा म्हणजे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, तिथं गुरुमंदिर आहे. महाराजांनीच बोलावून घेतलं पोरीला, असं ती गल्लीत सगळ्यांना सांगत होती.

पुण्यात मी काय सोडून आले ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आम्हा चौघींना सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात कॉट बेसिसवर, म्हणजे खाटेमागे भाडं देऊन, खोली होती. मेसचा डबा, महिन्याच्या शेवटी पैशांची ओढाताण, आणि पाऊस सुरू झाला की पुरुषोत्तमची तालीम. पुरुषोत्तम करंडक म्हणजे काय हे पुण्यात शिकलेल्यांना सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते: महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून कॉलेजांची एकांकिका स्पर्धा घेते, भरत नाट्य मंदिरात. नाटक विद्यार्थ्यांनीच करायचं. एकांकिका तासाभराच्या आत संपते, पण तिच्यासाठी आमचे दोन-अडीच महिने जायचे. मी कधी रंगमंचावर आले नाही. पहिल्या वर्षी प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणारं सामान, सांभाळली, नंतर प्रकाशयोजना. लेव्हल्स, म्हणजे रंगमंचावरचे लाकडी चौथरे, उचलायच्या, रंगवायच्या, वर्गातली बाकं भिंतीला सारून मधल्या जागेत खडूने रंगमंच आखायचा, आणि नट लोक एकाच वाक्यावर तासभर अडले की भिंतीला टेकून बसायचं.

ते बसणं मला आज सगळ्यात जास्त आठवतं. तालीम रात्री कधीतरी संपायची, पण कुणी घरी जायचं नाही. टपरीवर चहा, मग कुणाच्या तरी गाडीवर ट्रिपल सीट, मग अलका चौकात उगाच उभं राहणं. २०२२ च्या अंतिम फेरीत परीक्षकांनी मुख्य करंडक कुणालाच द्यायचा नाही असं ठरवलं. त्या रात्री आम्ही पहाटेपर्यंत वाद घातला. परीक्षकांना तो अधिकार आहे का, स्पर्धेत तुलना करायची की मोजपट्टी लावायची, आपण केलेलं नाटक खरंच तेवढं बरं होतं का. आमच्यातल्या दोघांचं इतकं वाजलं की ते आठवडाभर बोलत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि तरीही उठून जावंसं वाटलं नाही.

मुलीच्या बाबतीत हे काही आपोआप मिळालं नव्हतं, हेही सांगून टाकते. पहिल्या वर्षी मी वसतिगृहात होते, तिथं रात्री फाटक बंद व्हायचं. तालमीसाठी पत्र आणा, सही आणा, घरून फोन करवा. साताऱ्याला बाबांना "एवढ्या रात्री नाटकाचं काय काम असतं" हे पटवायला मला एक अख्खा गणपती लागला होता. त्यामुळे कॉट बेसिसची ती चावी हातात आली तेव्हा मला काय मिळालं होतं, ते बरोबरच्या मुलांना कळणं शक्य नव्हतं. त्यांच्याकडे ते होतंच.

कारंजात पहिल्या आठवड्यात मला काउंटर दिला आणि त्याच सुमाराला लाडकी बहीण योजनेची गर्दी सुरू झाली. राज्य सरकारने महिन्याला १,५०० रुपये जाहीर केले होते आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होणार होते. सकाळी पावणेदहाला शाखेवर पोचावं तर शटरसमोर आधीच पन्नास-साठ बायका. कुणाचं आधार जोडलेलं नाही, कुणाचं खातं वापर नसल्याने बंद पडलेलं, कुणाचा मोबाईल नंबर बदललेला. ऑगस्टच्या मध्यावर, राखीपौर्णिमेच्या आधी, जुलै आणि ऑगस्टचे मिळून ३,००० रुपये यायला लागले, मग तर विचारूच नका.

"मॅडम, माह्या खात्यात नाई आले पैसे. शेजारणीच्या आले."

पैसे आलेले असायचे, पण दुसऱ्याच बँकेत. पूर्वी कधीतरी गॅसच्या सबसिडीसाठी नाहीतर पोराच्या शिष्यवृत्तीसाठी भलतीकडे खातं काढलेलं असायचं आणि आधार तिथं जोडलेलं असायचं. ते त्यांना समजावून सांगायचं, मागच्या बाईला थांबा म्हणायचं, तेवढ्यात सिस्टीम बसायची. चारला व्यवहार बंद झाले की रोकड मोजायची. शंभर नोटांचं पॅकेट, दहा पॅकेटांचं बंडल, चांगल्या नोटा वेगळ्या, फाटक्या-मळक्या वेगळ्या. रोकड आणि सिस्टीमचा आकडा जुळला की तिजोरी, तिच्या दोन चाव्या दोन माणसांकडे. रोकड कमी भरली तर ती रोखपालाने आपल्या खिशातून भरायची असते, त्यामुळे आकडा जुळेपर्यंत छाती धडधडायची. मग व्हाउचर. घरी यायला साडेसात-आठ.

खोलीवर येऊन साबणाने हात घासून धुवायचे आणि तसंच बसून राहायचं. भूक असायची पण उठून खाण्याची इच्छा नसायची. नोटा मोजायच्या मशीनची फरफर झोपेतही ऐकू यायची. आणि नेमक्या त्याच वेळी फोनवर पुण्याचे फोटो यायचे. ऑगस्ट, म्हणजे पुरुषोत्तमची प्राथमिक फेरी. ज्युनियर पोरं लेव्हल्स रंगवतायत, कुणाच्या तरी गालाला निळा रंग लागलाय, भरतच्या बाहेर "अरे आव्वाज कुणाचा" चाललंय. मी ते व्हिडिओ आवाज बंद करून बघायचे. आवाज चालू केला तर रडू येईल अशी भीती वाटायची, आणि खाली घरमालक काका-काकू राहायचे, भिंती पातळ.

तेव्हा मी स्वतःला सांगत होते की मला पुण्याची आठवण येते आहे. किंवा वेळ मिळत नाही म्हणून त्रास होतोय. दोन्ही कारणं सगळ्यांना लगेच पटतात. आईला पटली, शाखेतल्या सरांना पटली. सर स्वतः भंडारा, परभणी, अकोला असं फिरून आलेले. ते म्हणाले, "सहा महिने धरून ठेव. प्रोबेशन संपलं की मन लागते."

प्रोबेशन संपायच्या आधीच दिवाळीपूर्वीचा चौथा शनिवार आला. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते, २०१५ च्या सप्टेंबरपासून. शुक्रवारी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली. समृद्धी महामार्गाला कारंजाजवळच चढता येतं, त्यामुळे प्रवास आता पूर्वीइतका जीवघेणा राहिलेला नाही. सकाळी पुण्यात उतरले तेव्हा मी इतकी आनंदात होते की रिक्षावाल्याशी मीटरवरून वादसुद्धा घातला नाही.

त्या दोन दिवसांत जे झालं त्यामुळे मला माझ्या दुखण्याचं नाव कळलं.

आमचा लेखक आता हिंजवडीत आहे. त्याचे क्लायंट अमेरिकेत, म्हणून शिफ्ट दुपारी सुरू होते आणि मध्यरात्रीच्या आसपास संपते. शनिवारी त्याची कसली तरी रिलीज होती. तो सकाळी नाश्त्याला भेटला, डोळे सुजलेले. दिग्दर्शिका एमपीएससीचा अभ्यास करते, अभ्यासिकेत तिची जागा ठरलेली, जेवणाच्या सुट्टीत तासभर आली. मुख्य भूमिका करणारा पोरगा मुंबईत एका मालिकेवर सहायक आहे, त्याचं शूटिंग रोजचं बारा-तेरा तास. तो आलाच नाही, व्हिडिओ कॉलवर मेकअप रूममधून हात हलवला. संगीत करायची ती लग्न होऊन नाशिकला, तिच्या सासरी त्या दिवशी पाहुणे. संध्याकाळी कॉलेजातली ज्युनियर पोरं भेटली, पण त्यांचं आपापसात काहीतरी चाललं होतं आणि मी आल्यावर ती जरा सावरून बसली.

प्रत्येक जण प्रेमाने भेटला. प्रत्येकाने वेळ काढला होता. आणि प्रत्येकाबरोबर पहिल्या दहा मिनिटांत पगार, साहेब, खोली, जेवण असं सगळं सांगून झालं की मग आम्ही एकमेकांना विचारत होतो, "बाकी काय?" पूर्वी पाच वर्षांत हा प्रश्न आमच्यात कुणी कुणाला विचारला असेल असं मला वाटत नाही. बाकी काय ते सगळ्यांना माहीतच असायचं.

परतीच्या गाडीत झोप लागली नाही. मला रविवार मिळत होता, एक आड एक शनिवार मिळत होता, संध्याकाळचे दोन तास मिळत होते. तासच मोजायचे तर पुण्यात शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट, क्लास आणि तालीम धरून याहून जास्त रिकामी मी नव्हते. पण तिथं जेव्हा मी रिकामी असायचे तेव्हा इतर अकरा जणही रिकामे असायचे. कुणी ठरवलेलं नसताना. कॉलेजचं वेळापत्रक, परीक्षा, सुट्ट्या, करंडकाची तारीख, सगळं एकाच वेळी सगळ्यांवर येऊन पडायचं आणि एकाच वेळी सगळ्यांवरून उतरायचं. म्हणून रात्री अकराला खालून हाक आली की उतरता यायचं. हाक मारणाऱ्याला "मी मोकळा आहे, तू आहेस का?" असं विचारावं लागत नव्हतं. त्या मोकळेपणाला मी माझा स्वभाव समजत होते, आमच्या मैत्रीची ताकद समजत होते. त्यातला बराच भाग त्या एका घड्याळाचा होता. ते घड्याळ गेलं आणि आम्ही सगळे आपापल्या मनगटावर वेगवेगळी वेळ लावून निघालो.

हे कळल्यावर बरं वाटलं असं नाही. पण निदान शोधायची जागा बदलली.

लोक सल्ले देतात ते मात्र मला पटले नाहीत. वेळेचं नियोजन कर, पहाटे उठ, छंदासाठी रोज अर्धा तास राखून ठेव. नाशिकवालीने हौसेने दर रविवारी रात्री व्हिडिओ कॉल ठरवला होता. थोडे दिवस झाला, मग एकेकाची अडचण येऊ लागली आणि न येणारा माफी मागू लागला. माफी मागायची वेळ आली तेव्हा मीच म्हटलं, राहू दे. ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा त्याने आवाज रेकॉर्ड करून टाकावा, उत्तराची वाट बघू नये. ते अजून चालू आहे. हिंजवडीवाला रात्री दीडला घरी जाताना बोलतो, मी सकाळी डबा भरताना ऐकते. त्याच्या मागे येणारा वाऱ्याचा आवाज, मध्येच सिग्नलला थांबून कुणाला तरी दिलेली शिवी, सगळं ऐकते. दिवसभर मी पैसे मोजते, मिनिटं मोजते, टोकनचे आकडे पुकारते. घरी आल्यावर रविवारचे तुकडे पाडून त्यात छंद भरायला मी तयार नाही, आणि कुणी व्हावं असं मला वाटतही नाही.

पहिल्या पगाराचं सांगायला हवं, कारण तक्रारीच्या सुरात ते सुटून जातं. बाबा एसटीत वाहक होते. एसटीचा संप झाला त्या काळात आमच्याकडे किती महिने कसे निघाले ते मला ठाऊक आहे. पहिला पगार झाल्यावर आईच्या खात्यावर पैसे टाकले तेव्हा ती फोनवर काही बोललीच नाही, नुसती "हं" म्हणाली. त्यानंतर एका स्थळाची गोष्ट निघाली, मुलगा पुण्याचा, घरचे म्हणे नोकरी सोडून या. मी नको म्हटलं आणि विषय तिथं संपला. कॉलेजात असते तर तो इतका सहज संपला नसता. ही मोकळीक पुण्यातल्या रात्रींपेक्षा कमी दर्जाची आहे असं मी म्हणणार नाही. फक्त ती एकट्याने भोगायची असते, तिच्यात टाळी द्यायला शेजारी कुणी नसतं.

एक बाई आठवते. माझ्याच वयाची असेल, कडेवर एक मूल, हाताला दुसरं. पासबुक भरून दिलं तर तिने आकडा वाचला आणि पासबुक परत माझ्याकडे सरकवत म्हणाली, "मॅडम, मालक आले विचाराले तर सांगू नका." मी म्हटलं, खातं तुमच्या एकटीचं आहे, आम्ही कुणालाच सांगू शकत नाही. तिला ते दोनदा ऐकायचं होतं. मग तिने पाचशे रुपये काढले, बाकीचे राहू दिले. त्या संध्याकाळी मला ट्रिपल सीट फिरण्याची आठवण आली नाही. एवढंच.

हिवाळा लागल्यावर संध्याकाळी लवकर सुटका होऊ लागली आणि मी चालायला लागले. कारंजात शकुंतला रेल्वेचं जुनं स्टेशन आहे. मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी ही नॅरोगेज लाईन, इंग्रज कंपनीने कापूस वाहून न्यायला टाकलेली. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाईनवर चढायचा आणि तिथून मुंबईला. १९९४ पर्यंत तिच्यावर वाफेचं इंजिन धावत होतं. आता गाडी बंद आहे. शाखेत पेन्शनला येणारे म्हातारे तिच्याबद्दल इतकं बोलतात की मला सगळी स्टेशनं पाठ झाली आहेत. मी तिकडे जायचे त्यात हेतू काहीच नव्हता, आणि तेच मला हवं होतं: कुठेतरी कारण नसताना जाणं.

घरमालकीण काकूंना ते आवडायचं नाही. "एवढ्या रात्री कुठं चालली व माय एकटी?" रात्र म्हणजे साडेसात. मी चिडायचे. पुन्हा तेच फाटक, पुन्हा तीच परवानगी, आणि आता तर मी कमावती. काही दिवस मी न सांगता जायचे. मग एकदा काकूच चपला घालून बरोबर निघाल्या. रस्ताभर बोलत होत्या. लग्न होऊन त्या शकुंतलेतूनच कारंजाला आल्या होत्या, दारव्ह्याहून. चार वर्षं मुलं होईनात म्हणून सासूने काय काय ऐकवलं, तेही त्या रूळाच्या कडेनेच सांगितलं. त्यानंतर फाटकाची एक चावी त्यांनी आपणहून मला आणून दिली.

पण खरा बदल खानावळीत झाला. बाजाराजवळ एक बाई घरगुती खानावळ चालवतात, तिथं रविवारी दुपारी ठरावीक चेहरे दिसायचे. कोल्हापूरकडची एक जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका, बीडचा एक तलाठी, ग्रामीण रुग्णालयातली नांदेडची परिचारिका, पंचायत समितीतला एक लिपिक. सगळे परगावचे, सगळे नवे, सगळ्यांच्या खोल्या भाड्याच्या. आणि कुणालाच रविवारी घरी जाता येत नव्हतं, कारण घर एका दिवसात पोचण्याच्या पलीकडे. जेवण झालं तरी कुणी उठायचं नाही. खानावळवाल्या ताई ताटं उचलून न्यायच्या, टेबल पुसायच्या, तरी आम्ही बसलेलो.

ते मला ओळखीचं होतं. लगेच ओळखीचं होतं.

डिसेंबरात तलाठ्याच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने त्याच्या शेतात रोडग्यांना बोलावलं. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगते: रोडगा म्हणजे कणकेच्या चपट्या लाट्या एकावर एक ठेवून, आतून तेल लावून केलेला जाड गोळा, जो गोवऱ्यांच्या आरात भाजतात. वरून राखेने काळा होतो, फोडला की आत पापुद्रे सुटतात. त्यावर तूप आणि बरोबर वांग्याची भाजी. त्याला वेळ लागतो. आर तयार व्हायलाच तास जातो, मग रोडगे आत पुरून ठेवायचे आणि बसायचं. तूर उभी होती, कापसाची दुसरी वेचणी चालली होती. परिचारिका बोलता बोलता बांधावरच झोपली, तिची रात्रपाळी झालेली. शिक्षिकेने तिच्या वर्गातल्या एका मुलाची नक्कल केली आणि मी तिला सांगत बसले की एकांकिकेत असा मुलगा कसा आणता येईल, प्रवेश कुठून, प्रकाश कुठला. कितीतरी दिवसांनी मी प्रकाशाबद्दल बोलत होते आणि समोरच्याला ऐकायचं होतं.

ही माणसं पुण्यातल्या माणसांची जागा घेत नाहीत. मला वाटतं, तसं कुणी कुणाची घेतही नाही. तलाठ्याची आणि माझी राजकारणावरची मतं जुळत नाहीत, शिक्षिकेला नाटकापेक्षा मालिका आवडतात. पुण्यात अशा माणसांशी मी दोन वाक्यांपलीकडे बोलले नसते. इथं आमच्यात समान एकच गोष्ट आहे: आमचा रविवार एकाच वेळी येतो. त्याच्यावर इतकं काही उभं राहू शकतं याची मला कल्पना नव्हती. आता शनिवारी रात्री कुणीतरी ग्रुपवर "उद्या सोहोळ?" एवढंच टाकतं. कारंजा-सोहोळला काळविटांचं अभयारण्य आहे, छोटंसं, गवताळ. आम्ही दोन गाड्यांवर चौघं-पाच जणं जातो. पहिल्या खेपेला काळवीट लांबून उडी मारून गेलं तेव्हा पंचायत समितीवाला इतक्या जोरात ओरडला की पुढचा सगळा कळप पळाला.

मार्च महिना वेगळाच असतो, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. थकीत कर्जं, वसुली, ३१ तारखेला रात्री उशिरापर्यंत शाखा. त्या महिन्यात आम्ही एकमेकांना दिसलोच नाही, शिक्षिका परीक्षांत, तलाठी महसूल वसुलीत. एप्रिलच्या पहिल्या रविवारी खानावळीत पाचही जण आले. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं.

वर्षाला आम्हाला बारा किरकोळ रजा असतात. २०२५ च्या ऑगस्टसाठी मी त्यातल्या काही आधीच बाजूला ठेवल्या होत्या आणि पुण्याच्या ग्रुपवर एकच गोष्ट मागितली होती: भेटायला येऊ नका, एकाच वेळी रिकामे व्हा. वेगवेगळे नाश्ते नकोत. दिग्दर्शिकेने अभ्यासिकेला सुट्टी दिली, हिंजवडीवाल्याने रजा टाकली, नाशिकवाली नवऱ्याला घेऊन आली. मुंबईचा नाही येऊ शकला, त्याच्या मालिकेचा गणपती विशेष भाग होता. आम्ही भरतमध्ये मागच्या रांगेत बसून प्राथमिक फेरीच्या एकांकिका बघितल्या, एका नाटकाच्या प्रकाशयोजनेवरून नाशिकवालीशी माझं जोरदार वाजलं, आणि तिचा नवरा आळीपाळीने दोघींची तोंडं बघत होता. टपरी बंद झाली तरी भांडण संपलं नव्हतं.

एवढं असूनही काही गोष्टी भरून आल्या नाहीत. न ठरवता काही होणं जवळजवळ संपलं आहे. रात्री अकराला हाक येत नाही, आणि आली तरी सकाळी पावणेदहाला शटर उघडायचं असतं. मी नाटकाला हात लावलेला नाही. गणपतीत इथल्या एका मंडळाने विचारलं होतं, पण तेव्हा शाखेत दोन माणसं कमी होती. धाकट्यांनो, तुम्ही सवयीबद्दल विचारता म्हणून सांगते: नोटांच्या मशीनची झाली, ऊन्हाळ्याची झाली, या हाक न येण्याची मला झालेली नाही.

यंदाच्या ऑगस्टचा रजेचा अर्ज मी टाकून ठेवला आहे. मुंबईवाल्याने या वेळी शब्द दिलाय, त्याची मालिका संपत आली आहे म्हणे. शिक्षिकेलाही पुरुषोत्तम बघायचंय, तिला सुट्टी मिळेल का ते तिच्या मुख्याध्यापकांवर आहे. माझे मॅनेजर साहेब म्हणाले, खरिपाच्या पीककर्जाची किती प्रकरणं उरतात ते बघून जुलैअखेर सांगतो.